हेच खातो

पडल्याचा आवाज मोठा नव्हता. दोरीवरून ओला टॉवेल खाली यावा, तेवढाच. नंदाबाई ओट्यापाशी चहा गाळत होत्या. मान वळवली तर पिंजऱ्यातल्या दांडीवर ढगू नव्हता. तो तळाला पाठीवर पडला होता, एक पंख पसरलेला, मान मागे ताणलेली, आणि त्याचे राखाडी पाय हवेत काहीतरी धरायला बघत होते. नंदाबाई गाळणं हातात घेऊन तशाच उभ्या राहिल्या. अर्धं मिनिट, फार तर. मग तो थरथरत सरळ झाला, चोचीने एकेक गज धरत वर चढला, दांडीवर बसला आणि काही झालंच नाही अशा नजरेने त्यांच्याकडे बघू लागला. गाळण्यातला गरम चहा त्यांच्या पायावर ठिबकत होता, ते त्यांना उशिरा कळलं. मनात पहिल्यांदा आली ती भीती नव्हती. हे मी आधी बघितलंय, असं आलं. कुठे, ते आलं नाही.

ढगू मूळचा नातीचा, सृष्टीचा. लॉकडाऊनमध्ये ती घरात कोमेजायला लागली म्हणून नंदाबाईंच्या मुलाने, प्रदीपने हा परदेशी पोपट घेतला होता, कागदपत्रांसकट. अंगाने ढगासारखा, शेपटी तेवढी लालभडक. पुढे सृष्टी कॉलेजच्या होस्टेलला गेली, बेगडेवाडीच्या फ्लॅटमध्ये शेजारी ओरडण्याला कंटाळले, आणि दोन वर्षांपूर्वी प्रदीप पिंजरा घेऊन लोणावळ्याला आला. "आई, तुला सोबत होईल." नंदाबाईंना सोबत नको होती. चौतीस वर्षं त्यांनी डोंगरातल्या आश्रमशाळेवर मुलींच्या वसतिगृहाची अधीक्षिका म्हणून काढली होती. शंभर-सव्वाशे जिवांची सोबत झाली होती. निवृत्तीनंतर आठ वर्षं त्या या दोन खोल्यांत शांततेसाठीच राहत होत्या. पण नाही म्हणायची त्यांना सवय नव्हती आणि काम अंगावर घेतलं की ते नेमाने करायची होती. सकाळ-संध्याकाळ वाटी भरायची, पाणी बदलायचं, तळाचा कागद बदलायचा.

प्रदीपने तळेगावची पक्ष्यांची डॉक्टर शोधून दिली. तेजल नावाची, तिशीतली, केस वर बांधलेली मुलगी. तिने ढगूला टॉवेलात गुंडाळलं, पोटावर बोट फिरवलं, चोच उघडून आत टॉर्च मारला. "बघा आजी, हे पांढरे ठिपके. शिंकतो का?" "शिंकतो. पावसाळी हवेने असेल." "पिसं पण निस्तेज आहेत. खायला काय देता?" "सूर्यफुलाच्या बिया. शेंगदाणे. चांगले, पाकिटातले." "आणखी?" "आणखी काही नाही. हेच खातो." डॉक्टर सुई भरत होती. वर न बघता, अगदी सहज, रागाचा लवलेश नसताना तिने विचारलं, "हेच खातो की हेच देता?"

नंदाबाईंनी पदर सारखा केला. उत्तर द्यायला पाहिजे होतं. शाळेच्या तपासणीला येणाऱ्या साहेबांनाही त्यांनी कधी उत्तरावाचून परत पाठवलं नव्हतं. आज त्यांनी बियांचं पाकीट पिशवीत आणखी खाली ढकललं. डॉक्टर आपल्या नादात सांगत गेली. अंगातलं कॅल्शियम संपलं की या जातीला झटके येतात, त्याचं इंजेक्शन दिलंय. सकाळचं कोवळं ऊन मिळेल तेव्हा दाखवायचं. आणि अ जीवनसत्त्व जवळजवळ नाहीच, तोंडातले ठिपके त्याचेच. गाजर, लाल भोपळा, शेवग्याचा पाला, माठ, मोड आलेले मूग, मधूनमधून उकडलेलं अंडं. रोज वेगळं. मीठ नको, चहा-बिस्किट नको, चिक्की तर अजिबात नको. "पण एकदम बिया बंद करून उपाशी मारू नका हं. हळूहळू. रोज वजन करा. आणि त्याच्यासमोर बसून तुम्ही खा. हे थव्यातले पक्षी, एकटे नवीन काही खात नाहीत." मग टॉवेल सोडवता सोडवता म्हणाली, "माणसांत कसं, पालेभाजी नसली की रातांधळेपणा येतो. तसंच हे."

तळेगाव स्टेशनवर दुपारच्या लोकलला वेळ होता. चादरीत गुंडाळलेला पिंजरा मांडीवर घेऊन त्या बाकावर बसल्या. आतून चोच गजावर घासल्याचा खरखर आवाज येत होता. गाडी आली, खिडकी मिळाली, वडगाव गेलं, कान्हे गेलं. कामशेत आलं तेव्हा त्यांनी नेहमीसारखी नजर आत घेतली. कामशेतच्या फलाटापलीकडून जीपगाड्या डोंगरात जातात, शाळेचा रस्ता तोच. गेल्या आठ वर्षांत इथून किती वेळा गेल्या असतील, आणि प्रत्येक वेळी याच ठिकाणी पिशवीत काहीतरी शोधायला लागायच्या. आज पिशवीत पाकिटातल्या बियाच होत्या. खरखर थांबत नव्हती. कुणीतरी अंधारात भिंत चाचपत यावं, बोटांची नखं चुन्यावरून ओढत, असा तो आवाज होता. तेव्हा नाव आलं. बाया.

नाव आलं तरी त्यांनी ते लगेच आत घेतलं नाही, दारातच उभं ठेवलं. घरी आल्या, भाजी चिरली. गाजर तांदळाच्या दाण्याएवढं बारीक, शेवग्याचा पाला देठावरून ओरबाडून, त्यात चमचाभर बिया. ढगूने बिया तेवढ्या वेचल्या आणि बाकी सगळं चोचीने उडवून दिलं. भिंतीवर गाजराचे ठिपके चिकटले. दुसऱ्या दिवशी तेच. मग नंदाबाईंनी जुन्या सवयीने एक कागद घेतला, पट्टीने रेघा मारल्या आणि आठवड्याचा तक्ता केला. सोमवार लाल भोपळा, मंगळवार मूग, बुधवार माठ. तक्ता भिंतीला चिकटवताना हात मध्येच थांबला. असाच तक्ता वसतिगृहाच्या भिंतीवर होता, त्यांच्याच अक्षरात, लाल शाईने अधोरेखित. सोमवार मेथी, मंगळवार मटकी, बुधवार कोबी-गाजर. आणि प्रत्यक्ष जेवणात भात, पातळ वरण, बटाटा. कुणी पैसे खाल्ले नव्हते, लांड्यालबाड्या नव्हत्या. पावसाचे चार महिने घाटातला रस्ता चिखलाने बसायचा, भाजीचा टेम्पो वर यायचा नाही, आला तर कांदे-बटाटे. बाकी महिन्यांतही टेम्पोवाल्याला तेच सोयीचं. मुली बटाटा आवडीने खातात, असं त्या सगळ्यांना सांगायच्या. हेच खातात.

टाकळ्याची गोष्ट मात्र सोयीची नव्हती. ती त्यांची स्वतःची होती. पाऊस सुरू होऊन पंधरा दिवस झाले की वसतिगृहाच्या कुंपणाशी टाकळा, ती पावसाळी रानभाजी, गुडघाभर माजायचा. एका दुपारी सात-आठ पोरी ओढ्यावरून आल्या, परकराच्या ओच्यात कोवळा पाला भरून. पुढे बाया. वरच्या वाडीतल्या शिदू ठाकराची पोर, नऊ वर्षांची, दुसरीत. "बाई, टाकळा. मावशीला शिजवाया सांगा ना." स्वयंपाकाची मावशी हात पुसत दारात आलीसुद्धा, मुठीत लसूण घेऊन. आणि नंदाबाईंना, तेव्हा त्या छत्तीस वर्षांच्या, कडक इस्त्रीच्या, काय झालं कोण जाणे. "गवत खायला इथं आणलंय का तुम्हाला? लोक म्हणतील, पोरींना पाला खाऊ घालतात. टाका ते कुंपणाबाहेर." टाकळा त्यांना ठाऊक नव्हता असं नाही. इंदुरीला नदीकाठच्या घरी त्यांची आई पावसाच्या सुरुवातीला हटकून करायची, चण्याची डाळ घालून. म्हणूनच तर. ते सगळं मागे टाकून त्या खुर्चीपर्यंत आल्या होत्या. पोरींनी एकेक करून ओचे झटकले. बाया शेवटची. तिने पाला टाकला नाही, कुंपणाशी ठेवला, जनावरासमोर ठेवतात तसा नीट.

दिवाळीनंतर ती संध्याकाळी भिंत धरून चालायला लागली. पोरी हसायच्या, आंधळी कोशिंबीर म्हणायच्या. आरती नावाची एक थोरली मुलगी तेवढी तिचा हात धरून तिला जेवायला आणायची. "बाई, मला दिसत न्हाई." "दिवसा दिसतं, आणि नेमकं अभ्यासाच्या वेळी दिसत नाही?" "व्हय." "व्हय नाही, हो म्हणावं." "हो." नंदाबाईंनी अशी सोंगं शंभर बघितली होती. पोट दुखतं, भूत दिसतं, आई स्वप्नात आली. सगळ्यांचं मूळ एक, घरी जायचंय. चार वेळा ऐकल्यावर त्यांनी ठरवलं, हिचं सोंग उतरवायचं. वीज गेली होती. दिवस मावळून आभाळ राखाडी झालं होतं, काळोख अजून पडायचा होता. त्यांना स्वतःला ओढ्यापलीकडची झाडंसुद्धा दिसत होती. त्यांनी आरतीला आत बसवलं आणि बायाला म्हणाल्या, "जा, स्वयंपाकघरातून कंदील घेऊन ये. एकटी." आणि दाराआड उभ्या राहिल्या.

ढगूसमोर त्या स्टूल घेऊन बसायच्या आणि कच्चं गाजर खायच्या. दाढा हलत होत्या, गाजर चावताना कानात आवाज व्हायचा. तो मान तिरपी करून एका डोळ्याने बघायचा, भुकेने किंचाळायचा. तराजूवर तीन ग्रॅम कमी, दुसऱ्या दिवशी आणखी दोन. प्रदीपला फोनवर सांगितलं तर म्हणाला, "देऊन टाक ना आई बिया, कशाला जिवाला त्रास?" डॉक्टरला विचारलं तर ती म्हणाली, "बियांचा चमचा थोडा वाढवा, पण भाजी ठेवत राहा." त्या ठेवत राहिल्या. संध्याकाळी धुकं खिडकीला येऊन टेकलं की घरातल्या भिंतींच्या कडा पुसट व्हायच्या आणि त्यांना मोरीकडे जाताना उगीचच हात पुढे करावासा वाटायचा. एकदा केलाही. डोळे मिटून, सात पावलं. आठव्याला कपाट लागलं. बायाच्या हाताला शेवटी काही लागलं नव्हतं. त्या संध्याकाळी ती भिंतीवरून नखं ओढत पडवीच्या कोपऱ्यापर्यंत गेली. तिथं भिंत संपत होती आणि पुढे कठडा नसलेला उघडा कट्टा, जमिनीपासून छातीइतका उंच. खाली धुण्याचा दगड. कोपऱ्यावर ती थांबली. नंदाबाईंच्या मनात आलं, आता परतेल, कबूल करेल. पण तिने भिंत सोडली. मान ताठ केली आणि चालू लागली, इतकी सरळ, इतकी निश्चिंत, की नंदाबाईंना जिंकल्यासारखं वाटलं. बघ, दिसतंय हिला. तेवढं एक वाक्य मनात पुरं व्हायच्या आत तिचं पाऊल कट्ट्याबाहेर पडलं होतं. आवाज मोठा झाला नाही. धावत गेल्या तेव्हा ती दगडाशेजारी पाठीवर पडली होती, एक हात नको तिथे वळलेला, मान मागे, आणि दुसऱ्या हाताची बोटं हवेत काहीतरी धरत होती.

शिदू दुसऱ्या दिवशी आला. कामशेतच्या दवाखान्यात हात बांधून आणला होता. त्याने आरडाओरडा केला नाही, कागदावर अंगठा उठवायलाही थांबला नाही. लेकीला खांद्यावर घेतलं आणि जाताना एवढंच म्हणाला, "बाई, घरी व्हती तवा दिसत व्हतं तिला." नंदाबाईंनी अहवालात लिहिलं, पाय घसरून पडली. ते खोटं नव्हतं. खोटं नव्हतं म्हणूनच ते तीस वर्षं टिकलं.

अकराव्या दिवशी सकाळी ढगू दांडीवरून सरकत खाली आला, वाटीतला लाल भोपळ्याचा तुकडा चोचीत धरला, टाकला, पुन्हा धरला आणि खाल्ला. मग शेवग्याची एक काडी पायात पकडून पानं सोलत बसला. महिन्याभरात तोंडातले ठिपके गेले, शिंका थांबल्या, पिसांवर चकाकी आली. पुन्हा झटका आला नाही. सृष्टीने फोनवर त्याला बघून टाळ्या वाजवल्या. "आजी, तू ग्रेट आहेस!" नंदाबाईंना त्या रात्री झोप लागली नाही. तो आजारी होता तोवर निभत होतं. बरा झाला हेच सोसेना. सकाळी त्यांनी डॉक्टरला फोन केला. "एक विचारू का? माणसाचा रातांधळेपणा किती दिवसांत बरा होतो?" "मी पक्ष्यांची डॉक्टर, आजी. पण औषध वेळेवर मिळालं तर दोन-तीन दिवसांत फरक पडतो. कुणाला झालाय?" "झाला होता," नंदाबाई म्हणाल्या.

बाजारात चिक्कीच्या दुकानांच्या कडेला डोंगरातल्या बायका रानभाज्या घेऊन बसतात. कुर्डू, चाईचे मोहर, भारंगी, शेवटचा, जून झालेला टाकळा. नंदाबाईंनी एकीला विचारलं, "वरच्या वाडीची बाया माहीत आहे?" ती हसली. "कंची बाया? आमच्यात घरटी एक बाया हाय." "शिदूची. हात मोडला होता लहानपणी." "हां, मग आसं म्हना की. ती दत्ताची भैन. हाय की. नवरा वारला, भावाजवळच ऱ्हाती." हाय की. नंदाबाईंनी आजवर हे दोन शब्द ऐकायचं धाडस केलं नव्हतं.

कामशेतला उतरून त्या हनुमंताच्या जीपमध्ये बसल्या. शाळा वाटेत लागली, नवी इमारत झाली होती, त्यांनी बघितली. वाडीच्या खाली जीप उभी करून हनुमंत म्हणाला, "मावशी, पाचाला निघतो. हॉर्न देईन. ही शेवटची खेप, मागं गाडी न्हाई." दत्ता भाताच्या खाचरात होता. ओसरीवर एक काळीसावळी, चाळिशीच्या आतली बाई सुपात भाजी निवडत बसली होती. उजवा हात कोपरात थोडा बाहेर वळलेला. तिने वर बघितलं, डोळे बारीक केले आणि म्हणाली, "बाई?"

"ओळखलंस?"

"म्हंजी काय. बसा." तिने पोतं सरकवलं, तांब्याभर पाणी आणलं. नंदाबाईंनी पाणी घेतलं. गाडीत जुळवून ठेवलेलं बाजूला सारून त्यांनी विचारलं, "दिसतं का आता संध्याकाळी?"

"व्हय. मागंच दिसाया लागलं. आईनं महिनाभर नुसता पाला खाऊ घातला, शेवगा, टाकळा, काय काय." ती देठ खुडत होती. "साळंत न्हाई गेले मग. नजर आली, पर बा न्हाई म्हनला."

"बाया, त्या दिवशी तू पडलीस ना," नंदाबाई म्हणाल्या, "मी स्वयंपाकघरात नव्हते. ऑफिसात नव्हते. दाराआड उभी होते. बघत होते. मी कुणाला सांगितलं नाही."

बायाचे हात थांबले नाहीत. "ठाव हाय मला," ती म्हणाली.

"ठाऊक आहे?"

"दिसत न्हवतं, पर वास तर येत व्हता. तुमच्या लुगड्याला डांबरगोळ्यांचा वास यायचा, बाई. पेटीतल्या. सगळ्या पोरी त्या वासावनं तुमाला वळखायच्या." तिने एक किडकं पान बाजूला टाकलं. "कोपऱ्यापतूर गेले आन् म्होरं भित न्हाई. लय भ्या वाटलं. मागं फिरनार व्हते. मंग वास आला. म्हनलं, बाई हाईत मागं. पडाया लागले तर धरतील की. म्हनून सोडली भित."

डोंगरावरून धुकं खाचरांत उतरत होतं. ओसरीच्या कडेला एक कोंबडी अंग झाडून उभी राहिली. नंदाबाईंनी सुपातली एक हिरवी काडी उचलून देठ खुडला. मग त्या म्हणाल्या, "मी धरलं नाही."

"न्हाई धरलं," बाया म्हणाली. त्यात जाब विचारणं नव्हतं आणि माफ करणंही नव्हतं. पाऊस पडला न्हाई, गाय आली न्हाई, असं सांगावं तसं.

खालून हॉर्न वाजला. नंदाबाई हात जमिनीला टेकून हळूहळू उठू लागल्या. पुन्हा हॉर्न वाजला, लांबलचक, आणि जीपचं इंजिन सुरू झाल्याचा आवाज आला. बायाने सूप खाली ठेवलं, ओसरीच्या कडेशी आली आणि धुक्यात दोन्ही हात तोंडाशी धरून, सगळ्या वाडीला ऐकू जाईल अशी ओरडली, "थांब रं हनुमंता! बाई येत्यात."